पहिलं सूत

शुक्रवार, ता. १८ जानेवारी १९३५

एक पिंक केवढ्याला पडली, त्याचा हिशोब आज मांडला. पैसे धरलेच नाहीत.

जांभळ्या काठाचं एक लुगडं, सकाळीच मागावरून उतरलेलं. त्यात संगप्पाचा अख्खा आठवडा. शिवबाईनं मान मोडून भरलेल्या सुताच्या कांड्या. आणि त्यावर माझी तंबाखूची पिंक! खिडकीतून न बघता अंगणात टाकली, खाली घडी घालायला लुगडं पसरलेलं. संगप्पा तिथंच उभा होता. लुगड्याकडे बघितलं, वर माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन मागावर बसला. मग त्याचा ठोका ऐकला — रोजच्यापेक्षा जोरात. तोंडानं न बोललेला माणूस मागावर बोलतो, आणि ते मला ऐकू येतं. त्याची मजुरी देऊन टाकली. तो ठोका कशानं भरून द्यायचा?

आणखी मांडायचं तर दोन दाढा. पुण्याच्या व्यापाऱ्यापुढं तोंड वर करून बोलण्याची लाज. आणि बायकोनं, गौरम्मानं, माझा पाण्याचा तांब्या चुलीपासून लांब, वेगळ्या कोनाड्यात ठेवायला सुरुवात केलीय. कधीपासून, ते आठवत नाही. विचारलं तर म्हणाली, "असू दे की तितं."

तंबाखू बंद. सोमवारपासून.


शनिवार, ता. १९

विचार केला. तंबाखूवरच का थांबायचं? माणूस एकदम बदलायला गेला की चार दिवसांत पहिल्यासारखा होतो. मागाचा ताणा कसा, एकेक उभा धागा फणीतून ओवावा लागतो. मूठभर धागे कोंबले तर गुंता. म्हणून दर सोमवारी एक. फक्त एकच लहान सवय मोडायची नाहीतर लावायची. ही वही त्यातलीच — रोज नाही जमलं तरी लिहायची.

गौरम्माला सांगितलं. हसली. म्हणाली, "आधी मधेमधे बोलायची सवय सोडा." म्हटलं, तो नंबर मागाहून लावू.


सोमवार, ता. २१

सकाळी चंची संगप्पाला देऊन टाकली. त्यानं ती हातात तोलून बघितली आणि विचारलं, "मालक, उद्या परत मागाल तवा व्हय म्हणू का न्हाई म्हणू?" म्हटलं, मागितली तर तोंडावर मार. सगळा कारखाना हसला. तोंडात बडीशेप धरली. दुपारपर्यंत डोकं ठणकलं, पण हात कमरेला गेला नाही. दुसऱ्याच्या मागाखाली निजत होतो, कांड्या भरत होतो, तेव्हा लागलेली सवय — एका सकाळी मोडली! लोक उगाच कुथत बसतात.

हे एवढंच लिहून वही मिटणार होतो. दुपारी बनाबाई आली.

बनाबाई म्हणजे सिदूची बायको. सिदू आमचा चौथ्या मागावरचा विणकर. खोकला धरला म्हणून मार्गशीर्षात वळसंगला घरी गेला होता. ती वळसंगहून चालत आलेली. उंबऱ्याबाहेरच बसली. पदरातून मागाचा एक धोटा काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"ह्यो तुमचा. त्यांच्या बोचक्यात ऱ्हायला हुता."

सिदू गेला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. आम्ही इथं नंदीध्वज बघायला गर्दीत उभे होतो तेव्हा तिकडे त्याला मूठमाती देऊन झाली होती.

गौरम्मानं तिला भाकरी वाढली. खाल्ली नाही. जाताना माझ्याकडे न बघता बोलली, "मालक, आमच्या घरात कुनी खोकत न्हवतं. आमच्या आळीत कुनी न्हाई. त्यांनी हितनंच आनलं."

तिला बोलू दिलं. दुःख कुणावर तरी ठेवावं लागतं. पण ते खरं नाही. सिदूचा खोकला सगळ्यांत आधी मी ऐकला — कार्तिकात, बारा माग चालू असताना, हिशोबाच्या गादीवर बसून. चौथ्याचा ठोका मधेच चुकला, आणि चुकल्या जागी खोकला. बनाबाईला स्वतःला महिन्यानं कळलं. त्याच्याआधी माझ्या कारखान्यात कुणी खोकलं असतं तर ते माझ्या कानांतून सुटलं नसतं. कुणाचा धोटा अडतो, कोण ठोका मारायच्या ऐवजी डुलकी मारतो, कोण कुणाच्या बायकोची थट्टा करतो — मला गादीवरून सगळं कळतं. हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन.

धोटा पुसून टोपलीत टाकला.


मंगळवार, ता. २२

रात्री त्या बाईचं बोलणं डोक्यातून जाईना म्हणून सकाळी डॉक्टरांकडे गेलो. कारखान्यात खिडक्या वाढवाव्यात का, एवढंच विचारायचं होतं. ते सिदूला ओळखत होते. क्षय होता म्हणाले. मग म्हणाले, तुमचं काम कसं चालतं ते मला सांगा.

सांगितलं. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची. मग सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते कसं काढता, त्यांनी विचारलं. मी टेबलावरची त्यांची लेखणी उचलली, ओठाला लावली आणि श्वास आत ओढून दाखवला. असं! सूत जिभेवर येतं. लहान पोराला पण येतं.

डॉक्टर लेखणीकडे बघत राहिले.

"एक धोटा किती जणांच्या तोंडाला लागतो?"

मोजायला लागलो आणि थांबलो. धोटे सगळ्यांचे एका टोपलीत. ज्याच्या हाताला जो येईल तो. एखादा आला नाही तर दुसरा त्याच्या मागावर बसतो, त्याच्याच धोट्यानं.

घरी आलो तो सरळ कारखान्यात. चौथ्या मागावर चन्नवीर बसलेला. माझा एकुलता. सिदू गावी गेल्यापासून तोच बसतोय तिथं — मीच बसवला. मालकाच्या पोराला प्रत्येक माग आला पाहिजे, असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. कांडी संपली. त्यानं धोटा उचलला, तोंडाला लावला, आणि सूत ओढलं.

टोपली रिकामी केली. काल परत आलेला धोटा कोणता, ते ओळखू येईना.


शनिवार, ता. २६

पहाटे खोकल्यानं जाग आली. पलीकडच्या खोलीत चन्नवीर निजतो. अंग आवळून पडून राहिलो, कान लावून. परत नाही. मी जागा झालो हे त्याला कळतं बहुतेक. पोरगा दाबतोय.


सोमवार, ता. २८

आकडे आले. लोहाराकडून बारीक तारेचे करून घेतले, प्रत्येकाला एक. भोकातून आकडा आत घालायचा, सूत अडकवायचं, बाहेर ओढायचं. तोंड लावायचं नाही. जो लावेल त्याला त्या दिवशी मागावरून उठवीन, असं बजावलं. धोटेही ज्याचे त्याला वाटून दिले, खुणा करून.

कामाचा पार खोळंबा झाला. आकडा सुतात अडकतो, सूत तुटतं, बोटांना टोचतो. संगप्पानं तर आकडा उंच धरून सगळ्यांना दाखवला. "म्हंजे नव्या नवरीला चिमट्यानं घास भरवायचा म्हना की." शिवबाईनं कांड्या भरता भरता त्याला हाणलं, "तुला भरवायला कोन बसलंय? तुझी तर आकडा बघूनच पळंल." हसू दिलं. हसलेलं काम लवकर अंगवळणी पडतं.

सातव्या मागावर आज नवा ताणा चढला. पहिलं सूत मात्र मीच ओढून दिलं, तोंडानं. ही माझी रीत आहे, सोलापुरात दुसऱ्या कुणाची नाही. मी दुसऱ्याकडे राबत होतो तेव्हा मालक मागाला बोट लावत नसे. त्याला आमच्या हातचा विटाळ. तेव्हाच मनात धरलं होतं, की माझे माग झाले तर प्रत्येक ताण्याचं पहिलं सूत माझ्या तोंडचं, मग विणकराच्या. एकाच धोट्याला दोघांचं तोंड. दसऱ्याला सिदूच्या मागावर नवा ताणा लावला तेव्हाही असंच दिलं होतं. त्यानं धोटा कपाळाला लावला होता.

संगप्पानं टोकलंच. "आमाला आकडा, आन मालकाला सूट व्हय?"

म्हटलं, "संगप्पा, आशीर्वाद काय आकड्यानं द्यायचा असतो का?"

त्यानं आकडा कमरेला खोचला आणि मागाकडे वळला.

या आठवड्याची सवय — पहाटे तळ्यापर्यंत चालणं. चन्नवीरला बरोबर न्यायचं. मोकळी हवा.


शुक्रवार, ता. १ फेब्रुवारी

आज चन्नवीरशी शब्दाला शब्द लागला.

चालून परत येताना देवळाच्या पायरीवर बसलो. दम मलाच लागला. तो मजेत उभा. तेवढ्यात विचारलं, खोकला कधीपासून आहे? तो म्हणाला, "मला खोकला नाही, अप्पा." म्हटलं, मी ऐकतो रोज पहाटे. तो म्हणाला, "मीपण ऐकतो." मी म्हटलं, मग? त्यानं तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, बापाला शिकवू नकोस, या कानांवर मी बारा माग उभे केलेत. त्यानं तोंड मिटलं.

उद्यापासून तो मागावर बसणार नाही. गादीवर बसून आल्यागेल्याचं बघायचं.

 घसा खवखवत होता माझा. तंबाखू सुटली की घसा असा धरतो म्हणतात, काही दिवस.


सोमवार, ता. ४

रात्रीचं जेवण निम्मं केलं. तिसरी सवय. सोपी गेली, भूकच कमी झालीय आताशा.

आणि आज कोट घातला तर बटण आणि पोट यांच्यामध्ये मूठ मावते! चालण्याचा गुण. पन्नाशी उलटल्यावर अंग असं उतरवून दाखवावं कुणी. मारवाड्याच्या दुकानात सगळ्यांनी विचारलं, काय औषध घेता? म्हटलं, औषध नाही, दर सोमवारी एक सवय. तिथं बसलेल्या चौघांनी लिहून घेण्यासारखं ऐकलं. संध्याकाळी अंग थोडं कढत होतं, पण दिवसभर फिरलो उन्हात.

चन्नवीर गादीवर बसतो आणि कुणाशी बोलत नाही. गिऱ्हाईक आलं तर मान हलवतो.


शनिवार, ता. ९

चन्नवीरचं ताट वेगळं केलं. वाटी, तांब्या वेगळे. निजायला माळवदावर. क्षयाला मोकळी हवाच लागते — डॉक्टर म्हणाले होते, सिदूबद्दल.

गौरम्मा ताट घासता घासता थांबली. "पोराचं ताट वेगळं करताय. अहो, पन खोकतंय ते—"

"कोण खोकतंय ते मला ऐकू येतं. तू सांगू नकोस."

ती पुन्हा घासायला लागली. ते ताट ती फार वेळ घासत होती.

मला हौस आहे का? सिदूच्या मातीला मी गेलो नाही, पण रोज तो धोटा डोळ्यांपुढं येतो. उंबऱ्यावर ठेवलेला. तो मी पुसून टोपलीत टाकला, मीच. दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तोंडाला लागला असेल? टोपली चौथ्या मागाच्याच जवळ होती.

पोरासाठी सिद्धेश्वराला नवस बोललोय. काय बोललो ते इथं लिहीत नाही.


बुधवार, ता. १३

चन्नवीरला डॉक्टरांकडे नेलं. तोंड फिरवून आला, पण आला. छाती ठोकून बघितली, पाठीला नळी लावली, काचेच्या पट्टीवर थुंकी घेतली. शनिवारी सांगतो म्हणाले.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी जाता जाता माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही बरे आहात ना? म्हटलं, पंधरा वर्षांत असा हलका झालो नव्हतो. कोट दाखवला.

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आत दुसरा पेशंट ओरडला.


शनिवार, ता. १६

चन्नवीरची थुंकी साफ. छाती साफ.

पाच मिनिटं जग हलकं झालं. मग कालची पहाट आठवली. काल पहाटेही खोकला होता; मी स्वतः ऐकला, त्यानंच तर जागा झालो. डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या थुंकी बघायच्या दुर्बिणीची चूक असेल. ते म्हणाले, असू शकते, पण तुम्ही म्हणता तसा खोकला या मुलाला नाही. म्हटलं, दुर्बिणीपेक्षा माझे कान जुने आहेत. पुन्हा तपासा.

घरी येईपर्यंत चन्नवीर दोन पावलं पुढं चालत होता. अंगणात मात्र थांबला. शिवबाई, संगप्पा, सगळे बघत होते.

"अप्पा, तुम्हाला मी आजारीच पाहिजे का?"

मी आत निघून गेलो.  दुपारी त्यानं पिशवी भरली आणि मामाकडे अक्कलकोटला गेला. गौरम्मानं दारातून हाक मारली. मी मारली नाही. मोकळी हवा तिथंही आहे, असं मनाशी म्हटलं.


सोमवार, ता. १८

कामात मन नाही. मागचा सोमवार तसाच गेला, तरी आज सवय लावायचा वार. चौथी सवय आज गौरम्माच्याच सांगण्याची घेतली: समोरच्याचं बोलणं पूर्ण संपू द्यायचं, मग आपलं तोंड उघडायचं. हिच्यापुढं तंबाखू म्हणजे खेळ! सकाळी रंगारी आला, त्याचं सगळं ऐकलं — जीभ दातांखाली धरून. त्यानं स्वतःच भाव उतरवला. दुपारी शिवबाईनं तिच्या जावेची अख्खी कथा सांगितली. ती उठली तेव्हा माझं डोकं भणभणत होतं, पण ती जाताना म्हणाली, "मालक, आज तुमी लई चांगलं बोललात." मी एक शब्द बोललो नव्हतो.

चौथ्या मागावर नवा ताणा. कुणी बसायला तयार नाही. सिदूचा माग म्हणतात. शेवटी संगप्पा म्हणाला, मी बसतो. पहिलं सूत मी ओढून त्याच्या हातात धोटा दिला. क्षणभर त्यानं धोटा तसाच धरला, भोकावर अंगठा फिरवला. मग धोतराला पुसला.

हे मी बघितलं. हसण्यावारी नेलं.


शुक्रवार, ता. २२

चन्नवीर अक्कलकोटला आहे. आज पहाटे पुन्हा खोकल्यानं जाग आली.


शनिवार, ता. २३

काल त्यापुढं लिहायला हात धजला नाही. घरात दोघंच. मी नाही तर गौरम्मा.

पोरासाठी एवढा आटापिटा केला, आणि ती! पोराचं उष्टं तिनंच काढलं. ताट तिनंच घासलं, फार वेळ. दिवसभर तिच्या पाठीकडे बघत राहिलो. ती वाकली की कान लावत होतो. झाडताना, पाणी ओतताना. काही ऐकू येईना. म्हणजे तीही दाबते?

संध्याकाळी चुलीपाशी जाऊन बसलो. असा मी कधी बसत नाही. म्हटलं, गौरम्मा, तुला खोकला कधीपासून आहे? खरं सांग. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ.

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. माझी जीभ शिवशिवत होती, पण सोमवारची सवय. दातांखाली धरली.

मग ती बोलली. हळू, भाकरीकडे बघत.

"मला न्हाई. चन्नालाबी न्हवता. तो तुमाला सांगायला आला, तुमी ऐकलं न्हाई. मी सांगायला गेले, तुमी ऐकलं न्हाई. पहाटं तुमीच खोकता. खोकत उठता आन म्हनता, ऐकलंस का? रोज म्हनता. मी काय सांगू, काय ऐकलं?"

भाकरी उलटली.

"तुमचा तांब्या मी उगाच लांब ठेवलाय व्हय?"

मी म्हटलं, तंबाखू सुटल्यामुळं घसा धरलाय. ती वाद घालत बसली नाही. उठली, खुंटीवरचा माझा कोट आणला, मला घालायला लावला, आणि बटणाच्या आत स्वतःच्या दोन्ही मुठी घातल्या. दोन्ही मावल्या.


सोमवार, ता. २५

काचेच्या पट्टीवर थुंकी दिली. बुधवारी सांगतील.

तिथून कारखान्यात आलो. नवव्या मागावर ताणा तयार होता. सवयीनं सगळे थांबले, माझ्या तोंडाकडे बघत. मागवाल्यानं धोटा माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला, आणि धोटा घेतला नाही. आकडा मागितला.

संगप्पानं आपला आकडा काढून माझ्या हातात दिला. माझ्याच्यानं सूत निघेना, तीनदा तुटलं. आकडे वाटून महिना होत आला, आणि मी स्वतः एकदाही वापरला नव्हता. शेवटी संगप्पानं माझ्या हातून धोटा घेतला आणि झटक्यात ओढून दिलं.

कुणी हसलं नाही. आज हसले असते तर बरं वाटलं असतं.

चन्नवीरला निरोप धाडला — ये, पण घरात नको. कारखान्यात बैस, गादीवर नाही, पाहिजे त्या मागावर. माझ्यापासून लांब.


बुधवार, ता. २७

आहे.

डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? म्हटलं, तंबाखू सोडली तेव्हापासून, जानेवारी. गौरम्मा शेजारी उभी होती. तिचं बोलणं पूर्ण ऐकलं. ती म्हणाली, श्रावणापासून.

सिदूचा कार्तिकात सुरू झाला होता.